चौकात तापणारी गाडी आणि पंख्याची अर्थिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात उन्हाळ्यात गाडीची निगा कशी राखावी याविषयी मजकूर होता. त्यात ‘काटा वर गेला की गाडी थांबवून रेडिएटरमध्ये गार पाणी ओतावे’ असं एक वाक्य आहे (काटा म्हणजे इंजिनचं तापमान दाखवणारा). तेवढ्यासाठी हे पत्र. तापलेला रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की ते थेट तोंडावर येतं. तापल्या इंजिनात गार पाणी पडून हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जायची भीती निराळीच. इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि सावली शोधायची. वाट किती बघायची? रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावता येईपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे तास तरी जातो.

आता माझी कथा. मी निवृत्त पोस्टमास्तर, अमळनेरला राहतो. गाडी पेट्रोलची, २०११ची. मे महिन्यात लेकीकडे भुसावळला निघालो. धरणगाव, पाळधी, बांभोरी, गिरणेचा पूल, इथपर्यंत काटा मधोमध. जळगावात आकाशवाणी चौकात गर्दीत अडकलो आणि काटा चढायला लागला. अजिंठा चौफुलीपर्यंत लाल दिवा. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता गाडीत आली. बाहेर ४४ अंश आणि आत हीटर! सौभाग्यवती काय बोलल्या ते छापण्यासारखं नाही. पण काटा दोन रेघा उतरला आणि गाडी कडेला घेता आली.

खरं तर निदान तिथेच झालं होतं, मला कळलं नाही एवढंच. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभी राहिली की सगळी मदार पंख्यावर. म्हणून रस्त्यावर ठीक आणि चौकात तापली तर आधी पंखा बघावा. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगातच तापत असेल, तर कचऱ्याने बुजलेला रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) यांच्याकडे वळावं. पंखा तपासणं म्हणजे एका मिनिटाचं काम आहे. गाडी उभी ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला लागतो.

गॅरेजवाल्याने ते केलं नाही. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, ४,८०० रुपये घेतले. परतीच्या वाटेवर त्याच आकाशवाणी चौकात पुन्हा लाल दिवा! दुसऱ्या मिस्तरीने उपाय सांगितला, ‘पंखा डायरेक्ट करून टाकू, वेगळं बटण देतो.’ हा डायरेक्टचा रोग आपल्याकडे फार. बटण दाबायचं विसरलात की इंजिन गेलं, आणि बंद करायचं विसरलात की सकाळी बॅटरी उतरलेली.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरतो, गाड्यांशी त्याचा संबंध नाही. त्याने फ्यूज पाहिला, शाबूत. त्याच मापाचा हॉर्नचा रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) काढून पंख्याच्या जागी लावला, फरक नाही. मग पंख्याचं सॉकेट सुटं करून बॅटरीवरून दोन वायरी मोटारीला दिल्या. पंखा भन्नाट फिरला. ‘मामा, पंखाना काही दोष नही शे.’ एसी लावून सॉकेटच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प धरला, पेटला नाही. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, लगेच पेटला. म्हणजे करंट येत होता, अर्थिंग, म्हणजे त्याची बॅटरीकडे परत जायची वाट, नव्हती. हेडलाइटच्या मागे बॉडीला कसलेला अर्थिंगच्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) हिरवा पडून तुटायला आला होता. नवा लग, पॉलिश पेपर, एक बोल्ट. भाच्याने फक्त चहा घेतला.

आणखी एक. पाणी खूपच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. तेव्हा चढलेला काटा एकाएकी पडला तर हायसं वाटून घेऊ नये. बोअरचं पाणीही भरू नये, आपल्याकडच्या हंड्यांच्या बुडाला खार बसतो तसाच तो आत बसतो. घरी इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटर असतंच, तेच कूलंटमध्ये मिसळावं.

माझी मागणी साधी आहे. कोणता भाग बदलला एवढंच नव्हे, तर तो बदलण्याआधी काय तपासलं हेही गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहावं आणि जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. मी माझा जुना थर्मोस्टॅट मागून आणला होता. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस पेटवला. पाणी उकळायच्या आधीच तो व्यवस्थित उघडला, गार झाल्यावर मिटलाही. पातेलं मात्र आता स्वयंपाकघरात घेत नाहीत.

आपला,
एक वाचक, अमळनेर