खालच्या मजल्यावरची भिंत

प्रिय मनीषा,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन करणार होते, पण हे एवढं सगळं फोनवर सांगून लक्षात राहणार नाही, म्हणून बसून लिहितेच. खालच्या फ्लॅटवाल्याला किचन आणि मागच्या खोलीमधली भिंत काढून एकच मोठी खोली करायचीय, त्याने तुझ्या दारातून नोटीस टाकलीय आणि वर म्हणतोय की नुसती सही कर, बाकी मी बघतो. तर बाई, आज सही करू नकोस. माणूस चांगला असेल, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण तुझ्या बेडरूमची जमीन त्या भिंतीवर टेकलीय का, हे तुला अजून कुणीच सांगितलेलं नाही.

आणि ते 'आपण तर नुसते लीजहोल्डर, आपलं कोण ऐकणार' हे आधी डोक्यातून काढ. इंग्लंड-वेल्समध्ये पार्टी वॉल ॲक्ट १९९६ नावाचा, शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतींबद्दलचा कायदा आहे, त्यात तुझ्यासारखी लांब मुदतीची लीज (ठराविक वर्षांपुरता फ्लॅटचा करार) असलेली व्यक्ती ओनरच धरतात, म्हणजे फ्रीहोल्डरला (इमारतीच्या मूळ मालकाला) नोटीस गेली तरी तुलाही ती द्यावीच लागते. तुमच्या दोघांची दारं रस्त्यावरून वेगवेगळी आहेत ना, मग तुमच्या मधला फ्लोअरसुद्धा या कायद्यात येतो (एकच दार आणि कॉमन जिना असता तर सहसा आला नसता, मग सगळी मदार लीजवरच असती). अशा कामाची नोटीस दोन महिने आधी द्यावी लागते आणि तुझ्याकडे उत्तराला १४ दिवस असतात. उत्तर नाही दिलंस तर होकार धरत नाहीत, मतभेद आहे असं धरतात आणि मग सर्व्हेअर (बांधकाम तपासणारे तज्ज्ञ) नेमावे लागतात.

तुला मतभेद हा शब्द जड वाटणार, मला माहितीय, पण त्यात भांडण काही नाही गं. त्याचा अर्थ एवढाच की दोघांचा मिळून एक किंवा दोघांचे वेगवेगळे सर्व्हेअर बघतील, आणि काम कसं करायचं, किती वाजता करायचं, नुकसान झालं तर काय, हे सगळं अवॉर्ड नावाच्या कागदावर लिहून देतील. फी सहसा काम करणाऱ्यालाच भरावी लागते. आणि समजा तुला होकारच द्यायचाय, तरी काम सुरू व्हायच्या आधी शेड्यूल ऑफ कंडिशन करून घे, म्हणजे तुझ्या घराची आजची अवस्था, प्रत्येक खोलीतली प्रत्येक जुनी भेग, फोटोसकट. यावर मात्र अडून बस.

माझ्या खालच्यांनी काम काढलं तेव्हा मला ते शेड्यूलच कामाला आलं. आमचं घर व्हिक्टोरियन, छत जुन्या पद्धतीचं, लाकडी पट्ट्यांवर प्लास्टर थापलेलं. सर्व्हेअर शिडीवर चढून बोटांच्या पेरांनी छत टकटक करत फिरला, जिथे पोकळ आवाज आला तिथे लिहून घेतलं. नंतर खाली बीम बसला, टेकू काढले आणि त्याच आठवड्यात बेडरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, दार चौकटीला घासायला लागलं. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली, शेजारी पट्टी धरून फोटो काढला, दर रविवारी तसाच फोटो. तीन मिलिमीटरच्या आत राहिली आणि मग थांबली. ५ मिलिमीटरपर्यंतची भेग साधारण दिसण्यापुरती धरतात, त्याच्या पुढे गेली की काळजीने बघायला लागतात, म्हणून ती वाढतेय का हेच महत्त्वाचं. इंजिनिअरने सांगितलं की बीम आणि वरचं बांधकाम यांच्यातली फट जवळजवळ कोरड्या मॉर्टरने ठासून भरायची असते, ती नीट ठासली नाही की वरचं वजन थोडं खाली बसतं. शेड्यूलमध्ये त्या जागेचा आधीचा स्वच्छ फोटो होता, त्यामुळे भेग जुनी की नवी हा वादच झाला नाही, खालच्यांनीच प्लास्टर आणि रंग करून दिला.

आता लीज काढ. सगळी वाचू नकोस, तीन गोष्टी शोध. एक, तुझ्या आणि त्याच्या फ्लॅटमध्ये नेमकं काय काय येतं, कारण बऱ्याच लीजमध्ये वजन पेलणाऱ्या भिंती फ्रीहोल्डरकडेच राहतात, म्हणजे तो जी भिंत काढायला निघालाय ती कदाचित त्याची नसेलच. दुसरं, स्ट्रक्चरमध्ये बदल करण्यावर पूर्ण बंदी आहे की परवानगी घेऊन चालतं. तिसरं फार जण बघत नाहीत, ते म्हणजे दुसऱ्या लीजहोल्डरने सांगितलं आणि खर्चाची हमी दिली तर फ्रीहोल्डर नियम पाळायला लावेल असं कलम. मेडा व्हेलमध्ये रँडॉल्फ क्रेसेंटवरच्या एका इमारतीत अगदी हेच झालं, बेसमेंटमधली सुमारे सात मीटर भिंत काढायची होती, फ्रीहोल्डर कंपनी परवानगी द्यायला तयार होती, दुसऱ्या लीजहोल्डर बाई कोर्टात गेल्या आणि मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पूर्ण बंदी आणि असं कलम दोन्ही असेल तर फ्रीहोल्डरला परस्पर सूट देता येत नाही. डुवल केस म्हणून शोध, सापडेल. कलम कळलं नाही तर लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस आहे, सरकारी पैशावर चालते, सल्ला फुकट मिळतो.

मॅनेजिंग एजंटला (फ्रीहोल्डरच्या वतीने इमारतीचं बघणाऱ्याला) आजच ईमेल कर, फोन नको, लेखी पाहिजे. लायसन्स, म्हणजे बदलाला फ्रीहोल्डरची लेखी परवानगी दिलंय का, स्ट्रक्चरल इंजिनिअरची कॅल्क्युलेशन्स कुठे आहेत, बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमाप्रमाणे होतंय का ते तपासणाऱ्यांना) कळवलंय का आणि इमारतीच्या इन्शुरन्सवाल्यांना सांगितलंय का, एवढं विचार. कॅल्क्युलेशन्सची कॉपी तुझ्या सर्व्हेअरला मिळायलाच हवी, आणि शेवटी कंप्लीशन सर्टिफिकेटची (काम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याच्या दाखल्याची) कॉपी तूही ठेव, उद्या फ्लॅट विकायला काढलास तर घेणाऱ्याचा वकील विचारू शकतो.

मी एवढी मागे लागतेय कारण मला घाटकोपर आठवतं. जुलै २०१७, सिद्धीसाई बिल्डिंग, तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, पिलरना हात लावल्याचा आरोप झाला आणि आख्खी चार मजली इमारत बसली, १७ माणसं गेली. आपण तेव्हा टीव्हीसमोरून हललो नव्हतो. तुझ्या खालचा माणूस तसं काही करणार नाही, इथे तपासणी असते, पण ती कागदावर झाली तरच असते, आणि कागद मागायचा हक्क वर राहणाऱ्याला आहे, तो वापर.

त्याच्याशी मात्र गोडीने बोल. मी खालच्यांना चहाला बोलावून सांगितलं की तुमचं किचन छान व्हावं असं मलाही वाटतं, फक्त माझं छत जागेवर राहू दे, आणि त्यांनाही ते पटलं. टेकू कधी लागणार, कधी निघणार, आवाजाचं काम कोणत्या दिवशी, हे विचारून ठेव, लंडनमधल्या बऱ्याच काउन्सिल शनिवारी दुपारी एकनंतर आणि रविवारी आवाजाचं काम चालू देत नाहीत. टेकू निघतील त्या दिवशी शक्यतो घरून काम कर, कपाटावरचं काचेचं सामान खाली काढ आणि सगळी दारं एकदा उघडून बंद करून बघ.

नोटीस तुझ्या दारात कोणत्या तारखेला पडली ते मला आज रात्रीच सांग, १४ दिवस तिथूनच मोजायचेत. आणि लीजची ती तीन पानं फोटो काढून पाठव, शनिवारी सकाळी कॉलवर बसून दोघी वाचू, नोटिशीचं उत्तरही तेव्हाच लिहून टाकू.

तुझी,
अनघा