काकूंच्या ओठांना आधी व्हॅसलीन लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

हे पत्र खरं तर आईच्या जिभेच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं त्याच दिवशी लिहायचं होतं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा रडून उठले, म्हणून राहून गेलं. आज पूर्ण करायचंच असं ठरवून बसलेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, आणि दुसरं म्हणजे ज्यांच्या घरात आत्ता कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे त्यांच्याही वाचनात हे यावं असं मला फार वाटतं.

आधी काय झालं होतं ते सांगते, त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळणार नाही. आईच्या जिभेच्या डाव्या कडेला, तुटलेल्या दाढेच्या बाजूलाच, फोड आला होता. ज्या डेंटिस्टकडे आम्ही वर्षानुवर्षं जायचो त्यांनी दाढ घासून गुळगुळीत केली, जेल दिलं, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. परत गेलो तर जेल बदललं. परत गेलो तर म्हणाले उष्णता आहे, टेन्शन घेऊ नका. चौथ्यांदा गेलो तर आम्हीच उगाच घाबरतोय अशा नजरेने बघितलं. या सगळ्यात एकदाही, अक्षरशः एकदाही, त्यांनी तो फोड बोटाने दाबून बघितला नाही की कडेने टणक लागतोय का, एकदाही मानेला हात लावला नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती नीट तपासायची, गरज वाटली तर तुकडा काढून पाठवायचा, हे मला आता पाठ आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी आमचे अडीच महिने घालवले. त्यांचं नाव मला घ्यायचं नाही. पण राग आहे, अजूनही आहे, आणि तो गिळून नुसतं गोड गोड लिहिलं तर ते आभारही खोटे वाटतील.

मग बायोप्सी, ऑपरेशन, ते सगळं झालं, त्यात शिरत नाही. ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार हे कळलं तेव्हा मी विचारलं होतं की आईचे खालचे दात हलतायत, त्यांचं काही आधी करायला हवं का? उत्तर मिळालं, "दातांचं नंतर बघू, आधी मुख्य काम होऊ दे." आम्हीही मान डोलावली. ड्रेसिंगला येणाऱ्या एका नर्सताईंनी जाता जाता हळूच सांगितलं की दात आधीच दाखवून घ्या हो, नंतर काढणं अवघड होतं. त्या एका वाक्यावर आम्ही तुमच्याकडे आलो. त्या ताईंचेही आभार याच पत्रात मानते, त्या कुठे वाचतील माहीत नाही.

तुम्ही एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे जबडा काढून दाखवलात ते पाकीट माझ्याकडे अजून आहे. रेडिएशनने जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, हाड जागच्या जागी दिसतं पण जखम भरून काढायची त्याची ताकद गेलेली असते, आणि नंतर दात काढायची वेळ आली तर तो खड्डा भरतच नाही, हाड उघडं पडून मरायला लागतं. खालच्या जबड्याला तर रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून तिथे धोका जास्त. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस हा शब्द तुम्ही एकदाच उच्चारलात, मग "हाड मरणं" असंच म्हणत राहिलात, आईला कळावं म्हणून. नंतर कॅलेंडर ओढलंत. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि दात काढल्यावर जखम भरायला निदान २ आठवडे द्यायला हवेत. त्या "नंतर बघू"मध्ये आमचे दिवस असे गेले होते की दोन्ही गोष्टी जेमतेम बसत होत्या. तुम्ही चौकोनांवर बोट ठेवून मोजलंत आणि म्हणालात, "उद्या नको, आजच काढू." चार दात काढलेत, टाके घातलेत, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना आमच्यासमोरच फोन लावलात. आम्हाला चिठ्ठी देऊन फिरवलं नाहीत.

आणखी एक. ऑपरेशनमध्ये आईच्या मानेतल्या गाठीही काढल्या होत्या आणि मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. मानेत हाताला काही लागत नव्हतं, स्कॅनमध्ये खास काही नव्हतं, मग एवढी मान कशाला उघडली, खांदा कायमचा दुखायला लागला तिचा. हे मी तुमच्यापुढे बडबडले तेव्हा तुम्ही मला गप्प केलं नाहीत. २०१५ मध्ये टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता तो समजावलात. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मानेत गाठ लागत नाही असे पेशंट, निम्म्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली आणि निम्म्यांची गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आईच्याही एका गाठीत कॅन्सर निघालाच होता. ज्या सर्जननी ते केलं त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी उतरला. त्यांनी फक्त हे दोन मिनिटं आधी सांगितलं असतं तर एक महिना मी त्यांना मनात शिव्या दिल्या नसत्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

रेडिएशनचा चौथा आठवडा संपत आला होता. एकूण ३० वेळा, आठवड्यातले ५ दिवस. आईच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या, ओठांचे पापुद्रे निघत होते, आत सगळं सोलल्यासारखं लालभडक आणि मध्ये मध्ये पांढरे चट्टे. बोलणं बंदच होतं, वहीत लिहून दाखवायची. त्या दिवशी थेट मशीनवरून तुमच्याकडे आलो होतो, चेहऱ्यावर तो जाळीचा मास्क बसवून टेबलाला पक्का करतात ना, त्या जाळीची नक्षी तिच्या कपाळावर तशीच उमटलेली होती. खुर्चीत बसली आणि कुणी सांगायच्या आधीच तोंड उघडायला लागली. कारण गेले कित्येक दिवस जिथे जाईल तिथे पहिला शब्द तोच ऐकत होती, उघडा, मोठं उघडा, अजून मोठं. डावा कोपरा फाटला आणि रक्त आलं.

तुम्ही म्हणालात, "काकू, थांबा. मिटा तोंड. आपल्याला काही घाई नाही."

ड्रॉवरमधून व्हॅसलीनची छोटी डबी काढलीत. ग्लोव्ह घातलेल्या करंगळीवर थोडंसं घेऊन आधी खालच्या ओठाला, मग वरच्या, मग दोन्ही कोपऱ्यांना, नुसतं टेकवत टेकवत लावलंत, कुठेही चोळलं नाहीत. तुमचा तो छोटा आरसा कोमट पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवलात, कोरड्या कातडीला थंड स्टील चिकटू नये म्हणून. आणि मग दोन मिनिटं काहीही न करता स्टुलावर बसून राहिलात. बाहेर माणसं वाट बघत होती, मला दारातून दिसत होती. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. मग म्हणालात, "आता तुम्हाला जमेल तेवढंच. हात वर केला की मी थांबणार." आईने मध्येच खरंच हात वर केला, मला वाटतं तिला बघायचं होतं, आणि तुम्ही खरंच थांबलात.

आईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. तुम्हाला वाटलं लागलं तिला, तुम्ही सॉरी सॉरी म्हणालात. तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं, "नाही दुखलं."

एवढंच लिहिलं होतं तिने. मी ते पान फाडून ठेवलंय.

जाताना ती डबी तिच्या हातात दिलीत आणि रेडिएशनला जायच्या आधी लगेच लावू नका, आल्यावर लावा, हेही सांगितलंत. मला त्या रात्री झोप आली नाही. इतक्या मोठमोठ्या मशीन, इतकी शिकलेली माणसं, आणि चार आठवड्यांत एकाच्याही मनात आलं नाही की या बाईचे ओठ फाटलेत, आधी त्यांना काहीतरी लावावं?

त्या महिन्यांत मी रात्री खूप वाचायचे, आई झोपली की. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत सतत नवं होत असतं, भराभर वाढणाऱ्या पेशींना रेडिएशन जास्त लागतं, म्हणून कॅन्सरच्या पेशींबरोबर तोंडही सोलून निघतं, हे कळलं तेव्हा निदान आईला सांगता आलं की हे बिघडत चाललेलं नाहीये, हे औषधाचंच आहे आणि ते भरणार आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडलेलं सापडणारं जनुक म्हणजे टीपी५३, पेशीचा डीएनए तुटला तर तिला थांबवायचं किंवा मारून टाकायचं हे त्याचं काम, ते गेलं की पेशीचा ब्रेकच गेला. हे वाचून मला विचित्र असा दिलासा मिळाला. कारण आईने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही आणि तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली करून विचारायचा, काही खायच्या का हो? तंबाखू हे मोठं कारण आहेच, मी नाही कुठे म्हणतेय, पण ज्यांनी खाल्ला त्यांनाही हे ऐकवायची ती वेळ नसते. तुम्ही पहिल्या दिवशी एकदा विचारलंत, लिहून घेतलंत आणि पुढचा प्रश्न विचारलात. तुमच्या आवाजात काहीही बदललं नाही. ते पण लक्षात आहे माझ्या.

तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत की रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, उजवीकडची लाळग्रंथी वाचवता येईल का. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट ट्रायलचे आकडे आले होते, जुन्या पद्धतीने रेडिएशन दिलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना वर्षानंतरही तोंड कोरडं पडायचा चांगलाच त्रास होता, ग्रंथी वाचवून दिलेल्यांमध्ये ३८ टक्के. आम्ही विचारलं, त्यांनी प्लॅन उघडून दाखवला, जमेल तेवढी वाचवलीच होती. पण विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं! आज आईच्या तोंडाला थोडी का होईना लाळ आहे, उरलेले दात ५००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने घासते, एक दिवस चुकवत नाही, कारण लाळ कमी झाली की दात किती पटकन किडतात हे तुम्ही फोटो दाखवून सांगितलं होतंत.

आणि एक अभ्यास मला सारखा आठवतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. ईथन बॅश यांचा. कॅन्सर पसरलेले ७६६ पेशंट, त्यातल्या काहींना फक्त एवढंच केलं की तुम्हाला काय त्रास होतोय हे नियमित विचारलं, त्यांनी कॉम्प्युटरवर नोंदवलं, त्रास वाढला की नर्सला निरोप जायचा. ज्यांना असं विचारलं गेलं त्यांच्यातले निम्मे ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीने ज्यांची काळजी घेतली त्यांच्यातले निम्मे २६ महिन्यांहून. पाच महिने, मॅडम, विचारल्यामुळे आणि ऐकून घेऊन लगेच काहीतरी केल्यामुळे. लोक म्हणतात चांगलं बोलणं वगैरे ठीक आहे, उपचार महत्त्वाचे. मला हे आता ऐकवत नाही. थांबून विचारणं हा उपचारच आहे, तुम्ही तो केलात, आणि ज्यांनी आईच्या मानेला हात लावला नाही त्यांनी तो केला नाही. त्यांच्याकडे मशीन कमी नव्हतं, बोट सगळ्यांनाच असतं.

माणसाने माणसाशी नीट वागावं यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण आजारपणात दारोदार फिरल्यावर कळतं की ते किती थोड्या ठिकाणी मिळतं, आणि मिळालं की घरातले सगळेच त्या दिवशी जरा बरे जेवतात, जरा बरे झोपतात. आमच्याकडे तसंच झालं होतं.

आता थोडी खुशखबर. तुम्ही दिलेला तोंड उघडायचा व्यायाम आई न चुकता करते, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या तो. सुरुवातीला ११ काड्या बसत होत्या आणि त्यावर ती रडायची. परवा १७ बसल्या. ३५ मिलिमीटरच्या वर तोंड उघडलं की आपण जिंकलो असं तुम्ही म्हणाला होतात, तर एका काडीचे दोन मिलिमीटर धरले तर अजून एक काडी हवी. व्हॅसलीनची डबी केव्हाच संपली, पण तिने ती धुऊन ठेवलीय आणि त्यात आता सुया ठेवते. सोमवारी अपॉइंटमेंट आहे. काड्यांचा जुडगा रबर लावून पर्समध्ये आत्ताच भरून ठेवलाय तिने. मॅडम, त्या दिवशी बाकी काही बघायच्या आधी तिला काड्या मोजून दाखवू द्या.

तुमची,
काकूंची मुलगी