सुमनताईंच्या गाण्याला दुसऱ्याचं नाव का?

माननीय संपादक,

टीव्हीवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असो की युट्यूबवरचं कलेक्शन, 'ना ना करते प्यार' लागलं की खाली पट्टी येते, रफी आणि लता. अहो, सुमन कल्याणपूर आहेत त्या! 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे'चंही तेच, शम्मी कपूर आणि मुमताजचा डान्स सगळ्यांना पाठ, गायिका मात्र कोण ते विचारलं की लताच म्हणतात.

साठच्या दशकात रॉयल्टीवरून लतादीदी आणि रफीसाहेबांचं बिनसलं, दीदींचं म्हणणं गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे, रफींचं म्हणणं गाण्याचे पैसे एकदा घेतले की विषय संपला, आणि मग काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. त्या काळात रफींबरोबरची बरीच ड्युएट्स सुमनताईंकडे आली. तेवढ्यावरून त्यांना 'लताच्या जागी आलेल्या' ठरवणं मला अजिबात पटत नाही. त्या १९५४ पासून सिनेमात गात होत्या, आणि हेमंतकुमारांसोबतचं १९६२चं 'ना तुम हमें जानो' ऐका ना, त्यात रफींचा काय संबंध? आवाजात साम्य आहे, नाही कोण म्हणतंय, पण हेडफोन लावून नीट ऐकलं तर फरक कळतो. दीदींचा सूर टोकदार, थेट आत शिरणारा, सुमनताईंचा जरा मऊ, ओळ संपवताना त्या स्वर अलगद सोडतात.

हिंदीवाल्यांचं एक वेळ सोडून देऊ, पण मराठीतही हाच घोळ? १९७७च्या सिनेमातलं 'निंबोणीच्या झाडामागे' म्हणून घरोघरी पोरं झोपवली, तेही दुसऱ्या गायिकेच्या नावावर टाकलेलं दिसतं. अशोक पत्कींची चाल असलेलं 'केतकीच्या बनी तिथे' तेवढं वाचलंय म्हणायचं. गंमत बघा, राज्य सरकारने सुमनताईंना २००९चा पुरस्कार दिला तो नेमका लता मंगेशकरांच्याच नावाचा! पद्मभूषण यायला २०२३ उजाडलं.

आपल्या पेपरातही जुन्या गाण्यांवर लेख येतात, तेव्हा निदान गायिकेचं नाव तपासून छापा एवढीच विनंती. सिनेमाच्या टायटल्समध्ये सगळ्या गायकांची नावं एकत्र असतात, त्यावरून कुठलं गाणं कोणाचं ते कळत नाही, पण रेकॉर्डच्या लेबलवर असतं आणि त्या लेबलांचे फोटो नेटवर सहज सापडतात.

आपला,
एक वाचक