आई, शनिवारी येते आहे

नेरूळ,
25 नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

शनिवारी मी ठाण्याला येते आहे आणि पुढच्या शनिवारपर्यंत राहणार आहे. रजा मंजूर झाली, तेव्हा आता 'कशाला उगाच' म्हणू नका. तशीही ती डिसेंबरअखेर बुडालीच असती. बापलेक वरणभात लावतात, पोळ्यांना काकू येतात. इथे कुणाचं काही अडत नाही.

आई, मावशी गेली तेव्हा फोनवर मी म्हणाले, "रडू नकोस, मावशी सुटली." तू "हो गं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. ते "हो गं" माझ्या कानातून जात नाही. तुझं रडणं मला ऐकवेना, म्हणून घाईघाईने बोलून गेले. नगरच्या घरातलं, विहिरीवरचं, एका रजईतलं काही आठवलं तर 'खरं ना गं?' असं विचारायला आता तुला कुणी उरलं नाही. आणि मी तुला सुटकेचं सांगत होते.

बाबा, तारखेप्रमाणे बायबलमधल्या नीतिसूत्रांचा अध्याय वाचायची तुमची शिस्त मी अजून पाळते. आज 25वा. त्यातल्या 20व्या वचनात आहे ना, खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणं? पाठ होतं, पण आज लागलं. मग ईयोबाचं पुस्तक काढलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तिघे मित्र आले, त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही. नंतर त्यातल्या अलीफजाने तोंड उघडलं आणि दुःखाची कारणं सांगणं सुरू झालं. परमेश्वर शेवटी रागावला तो त्या बोलण्यावर. 13व्या अध्यायात ईयोबच त्यांना सांगतो, तुम्ही गप्प राहिला असता तर तेच तुमचं शहाणपण ठरलं असतं. जीभ आवरायची ती रागात, चहाड्या करताना, एवढंच मी आजवर धरून होते. धीर देतानाही आवरायची असते, हे तुझ्या त्या "हो गं"ने कळलं, आई.

कोपरीच्या घरी मला गोवर निघाला होता तेव्हा तू रात्रभर उशाशी बसायचीस. अंधारात नुसत्या बांगड्या वाजायच्या, आणि मला झोप लागायची. तशी बसेन मी. मावशीचं बोलावंसं वाटलं तर बोल, तेच तेच दहादा सांग. नाही वाटलं तर नको.

बाबा, तुम्ही 'आता पुरे, देवाची इच्छा' म्हणता ते तिच्या काळजीपोटीच, मला ठाऊक आहे. मीही तेच केलं. पण हे थोडे दिवस नका म्हणू. आणि बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरून दुपारी नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. जांभळी नाक्यावरून जड पिशव्या आणायच्या नाहीत, भाजी मी आणेन. आई, नाताळच्या करंज्या यंदा राहू देत. कराव्याशा वाटल्याच तर सारण मी भाजते, तू नुसती बस.

नेरूळहून लोकल थेट आहे, नऊपर्यंत पोचते. बाबा, स्टेशनवर येऊ नका. दार नुसतं लोटून ठेवा, आई झोपली असेल तर बेल नको.

तुमची,
बेबी