इंडियानाचे चाहते उतावळे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉलवरचा लेख वाचला आणि कालचा अख्खा दिवस चिडचिडीत गेला. २००० सालापासून इतके कोच आले नि गेले, याचं सगळं खापर आपल्या लेखकाने 'उतावळ्या आणि लाडावलेल्या' चाहत्यांवर फोडलं आहे. नावाजलेले कोच बॉब नाइट गेल्यापासून या लोकांना कोणीच पसंत पडत नाही, असाही शेरा मारला आहे. लेखक असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानावर, कधी येऊन बसले आहेत का, हे मला त्यांना विचारायचं आहे. मी ब्लूमिंग्टनमध्ये राहते. लग्न होऊन इथे आले तेव्हा नाइट यांची शेवटची वर्षं चालू होती, तेव्हापासून हे सामने बघते. (लेखात संघ इंडियानापोलिसचा म्हटला आहे. तो ब्लूमिंग्टनचा आहे. इंडियानापोलिस इथून ऐंशीएक किलोमीटरवर आहे.)

उतावळेपणाचा विषय काढलाच आहे तर २००८ आठवा. शाळकरी खेळाडूंना आपल्या संघात ओढण्यासाठी फोन करायचे जे नियम आहेत, ते तेव्हाचे कोच केल्विन सॅम्पसन यांनी मोडले, चौकशी लागली आणि ऐन हंगामात त्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी टॉम क्रीन आले तेव्हा जुन्या संघातले जेमतेम दोन खेळाडू उरले होते, तेही शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेले. पहिल्या हंगामात ६ विजय, २५ पराभव. दुसऱ्यात १० आणि २१. तिसऱ्यात १२ आणि २०. तीन वर्षांत ६६ वेळा हरलेला संघ बघायला लोक बर्फ तुडवत येत होते. १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ च्या राष्ट्रीय विजेतेपदांचे पाच झेंडे ज्या छताखाली लटकतात, तिथेच बसून हे पराभव बघत होते. कारण समोर काहीतरी उभं राहतं आहे, हे त्यांना दिसत होतं. १० डिसेंबर २०११ ला ख्रिश्चन वॉटफर्डने शेवटच्या क्षणी तीन गुणांची फेक टाकून पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला ७३-७२ असं हरवलं, तेव्हा सगळं हॉल मैदानात उतरलं. तीन वर्षं वाट बघितलेल्या माणसांचा तो आनंद होता. त्यांना लाडावलेलं म्हणता येत नाही.

क्रीन यांनी पुढे २०१३ मध्ये आणि २०१६ मध्ये बिग टेनचं, म्हणजे आमचा संघ ज्या विद्यापीठांच्या लीगमध्ये खेळतो तिचं, विजेतेपद आणलं. २०१७ मध्ये त्यांना काढलं. त्या निर्णयावर इथे तेव्हाही वाद होता, आजही आहे. काढायला हवं होतं म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच रांगेत शेजारी बसून भांडत होते. मग डेटन विद्यापीठातून आर्ची मिलर आले. चार हंगामांत एकदाही एनसीएए या देशपातळीवरच्या कॉलेज स्पर्धेत संघ गेला नाही. २०२० ची स्पर्धा करोनामुळे झालीच नाही, हे त्यांच्या बाजूने धरायला हवं. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांचा करार मोडायला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम लागली आणि ती मोठ्या देणगीदारांनी दिली. हा निर्णय तिकीट काढून वरच्या मजल्यावर बसणाऱ्या माणसाने घेतला का? त्याला कोणी विचारलं का? ज्यांच्या खिशात तेवढे पैसे आहेत आणि ज्यांच्या सहीने कोच येतात-जातात, त्यांच्याबद्दल आपल्या लेखात एक ओळ नाही. चुकीचा कोच निवडायचा, त्याला लांबलचक करार द्यायचा, तो मोडायला पुन्हा पैसे ओतायचे, हे वर्षानुवर्षं व्यवस्थापनाने केलं. बोल मात्र प्रेक्षकांना.

आता विद्यार्थ्यांनी कोचविरुद्ध घोषणा दिल्या त्या रात्रीबद्दल. मिलर यांच्यानंतर माइक वुडसन कोच झाले होते. लेखात 'वुडसनसारख्या घरच्या माणसालाही या लोकांनी सोडलं नाही' असं एक वाक्य आहे. ते अर्धंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१४ जानेवारी २०२५ ला इलिनॉयविरुद्ध सामना होता. तीनच दिवस आधी संघ आयोवात २५ गुणांनी हरून आला होता. त्या रात्री घरच्या मैदानावर पुन्हा २५ गुणांनी हरला, ९४-६९. मध्यंतराला हुर्यो उडाली आणि विद्यार्थ्यांकडून 'फायर वुडसन'चा घोष सुरू झाला. माझा मुलगा त्या विद्यार्थ्यांत होता, मी वर बसले होते. तोही ओरडत होता, हे मला रात्री घरी जेवताना कळलं आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं.

मी म्हटलं, तो माणूस तुझ्यापासून वीस पावलांवर उभा असतो, त्याला ते ऐकू येतं. माइक वुडसन इंडियानापोलिसचे. १९७६ ते १९८० याच संघातून खेळले. शेवटच्या वर्षी पाठीवर शस्त्रक्रिया झाली, आता हंगाम संपला असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि ते परत आले. बिग टेनचे शेवटचे सहा सामने खेळले, सहाही संघाने जिंकले आणि विजेतेपद मिळालं. अशा माणसाला त्याच्याच हॉलमध्ये हाकला म्हणायचं? मुलगा म्हणाला, "आई, १९८० चे सहा सामने मला पाठ आहेत, तूच सांगितलेस. पण आत्ता काय चाललंय ते बघ ना. त्यांना वर्षाला चाळीस लाख डॉलरच्या वर मिळतात, मग मी बोलायचंच नाही का?" आणि त्याने ताटातल्या वाट्या काढून टेबलावर मांडल्या. मलिक रेनो आणि उमर बॅलो हे दोघे धिप्पाड खेळाडू एकाच वेळी बास्केटजवळ उभे राहतात. दोघांचीही लांबून फेकण्याची भिस्त नाही. त्यामुळे समोरच्या संघाला बाहेर येऊन कोणाला धरावंच लागत नाही, सगळे आत दाटीवाटीने उभे राहतात, आणि आपले गार्ड चेंडू घेऊन आत घुसायला गेले की त्यांना वाटच उरत नाही. तीन गुणांच्या रेषेबाहेरून इंडियानाच्या फेकी वर्षानुवर्षं कमी आहेत. बाकी सगळ्या देशाने खेळ बदलला, आपण बदलला नाही. हे त्याने पाच मिनिटांत वाट्या सरकवून दाखवलं आणि मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

त्याचं ओरडणं मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही, आणि हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण तो जे सांगत होता ते खरं होतं. आपल्या लेखकाला फक्त आरडाओरडा ऐकू आला. त्याच्यामागे खेळ कळणारी, प्रत्येक सामना उलटसुलट तपासणारी माणसं आहेत. इथे किराणा दुकानात आणि डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहातही पिक-अँड-रोल या दोन खेळाडूंच्या चालीला डिफेन्स कसा लावावा यावर लोक तावातावाने बोलतात. या राज्यातल्या लहान गावांतही शाळेच्या जिममध्ये हजारो माणसं मावतात. अशा लोकांना कोचिंगबद्दल मत असणारच, आणि ते मत ऐकून घेण्याच्या लायकीचं असतं.

वुडसन यांनी ७ फेब्रुवारीला हंगामाअखेर पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. चारच दिवसांनी संघ मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर गेला. त्यांचे कोच टॉम इझो त्या रात्री जिंकले असते तर नाइट यांचा बिग टेनमधला ३५३ विजयांचा विक्रम मोडला गेला असता. वुडसनच्या खेळाडूंनी तो सामना ७१-६७ असा जिंकला. आमच्या घरात त्या रात्री आम्ही दोघंही रडलो. जो मुलगा महिन्यापूर्वी 'फायर' ओरडत होता, तोच. हे चाहते कोचवर प्रेमच करत नाहीत, असं कृपा करून लिहू नका.

लेखासोबतच्या फोटोचंही सांगते. २३ फेब्रुवारी १९८५ ला परड्यूविरुद्धच्या सामन्यात नाइट यांनी लाल खुर्ची मैदानात फेकली, तो फोटो आपण चार कॉलम छापला आणि खाली 'रांगडा गुरू' असं लिहिलं. नाइट मोठे कोच होते. १९७६ चा त्यांचा संघ ३२ सामन्यांत एकदाही हरला नाही आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यानंतर कोणालाही ते जमलेलं नाही. पण सरावात स्वतःच्या खेळाडूच्या गळ्याला त्यांनी हात घातल्याची चित्रफीत २००० मध्ये सगळ्या देशाने पाहिली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला त्यांना काढलं, तेव्हा हजारो विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरावर चालून गेले. मी तेव्हा इथेच होते. त्या रात्री दारं लावून बसलो होतो. इंडियानाचे चाहते खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरले ते तेव्हा, आणि ते कोचला काढा म्हणून नव्हे, ठेवा म्हणून! ते माझ्या मते चुकलेच, कारण हाताखालच्या मुलाला हात लावणारा माणूस कितीही जिंकला तरी त्याला ठेवता येत नाही. पण आपल्या लेखकाच्या 'उतावळ्या' सिद्धांतात ही रात्र कुठे बसते? ते त्यांनी सांगावं. आणि खुर्ची फेकण्याला रांगडेपणा म्हणून मुलांपुढे ठेवू नये. आपल्याकडेही मैदानावर मुलांना शिव्या घालणारे, थोबाडीत मारणारे शिक्षक होते आणि त्यांचं कौतुक ऐकतच आम्ही मोठ्या झालो.

आता डॅरियन डेव्हरीज वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून नवे कोच म्हणून आले आहेत. जुन्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या सोयीतून, दुसरीकडे गेले, त्यामुळे त्यांना संघ पहिल्यापासून बांधायचा आहे. क्रीन यांना दिला तसा वेळ त्यांनाही मिळायला हवा, असं माझ्या ओळखीतले बहुतेक लोक म्हणतात, माझा मुलगाही म्हणतो. देणगीदार काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही.

शेवटी एक वेगळी तक्रार, पण ती माझ्या मनात या लेखाच्याही आधीपासून आहे. संपूर्ण पान इंडियानाच्या बास्केटबॉलवर लिहिलंत आणि त्याच असेंब्ली हॉलमध्ये खेळणाऱ्या मुलींच्या संघाचा उल्लेखही केला नाहीत. टेरी मॉरेन २०१४ पासून कोच आहेत, इथून जवळच्या सीमोरच्या. २०२१ मध्ये त्यांनी संघाला शेवटच्या आठांत नेलं. २०२२-२३ च्या हंगामात २८ विजय आणि फक्त ४ पराभव, बिग टेनचं विजेतेपद ४० वर्षांनी, आणि एनसीएए स्पर्धेत पहिलं मानांकन. मॅकेन्झी होम्स आणि ग्रेस बर्गर यांना बघायला शाळकरी मुलींच्या रांगा लागायच्या. याच विद्यापीठाने एक कोच निवडला, त्याला वेळ दिला आणि संघ उभा राहिला, याचं उदाहरण शोधायला लेखकाला लांब जावं लागलं नसतं. आपल्या क्रीडा पानावर मी गेली कित्येक वर्षं अमेरिकन कॉलेज खेळाच्या बातम्या वाचते. त्यात मुलींच्या संघांवरचा एकही लेख मला आठवत नाही. पुढच्या मार्चमध्ये निदान अर्धं पान त्यांच्यासाठी ठेवावं आणि ते लिहिणाऱ्याने आधी त्यांचे दोन-चार सामने पूर्ण बघावेत, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
ब्लूमिंग्टन, इंडियाना