स्कारबरोच्या सेटलमेंट ऑफिसमधल्या मंडळींना

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतलं कार्ड आणि चिवड्याचा डबा तुम्हाला पोचलाच आहे. हे पत्र मराठीत लिहितेय ते टोरांटोत नव्याने येणाऱ्या आपल्या माणसांनी वाचावं म्हणून. बऱ्यापैकी इंग्रजी आणि हातात पीआर (इथे कायम राहण्याचा परवाना) असली की ‘आपल्याला कशाला हवी कुणाची मदत’ असं आपल्या घरांतून म्हटलं जातं. सेटलमेंट संस्था, म्हणजे नव्याने आलेल्यांना इथे बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्था, फक्त निर्वासितांसाठी, असाही एक समज. पीआरवाल्यांनाही तिथे सगळं मोफत असतं, हे कुणी सांगतच नाही.

तुमच्या वार्षिक सभेत कर्मचाऱ्यांची कामगिरी वाचून दाखवली. कुणाची वीस वर्षं झाली, कुणी रात्रीचे वर्ग करून डिप्लोमा मिळवला. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पण कुठल्या देशाच्या कार्डावरची लस म्हणजे इथली कुठली, हे सांगणाऱ्या भिंतीवरच्या त्या तक्त्याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि मला आभार मानायचेत ते मुख्यतः त्याचे.

लेकाच्या लसीकरणाची नोंद नाही, असं आरोग्य खात्याचं पत्र आलं होतं. ओंटारियोत नोंद अपुरी असली तर मुलाला २० दिवसांपर्यंत शाळेबाहेर ठेवता येतं, आणि ती नोंद डॉक्टर नाही, आईवडिलांनीच करायची असते. माझ्याकडे सोलापूरच्या दवाखान्यातलं पेनाने भरलेलं, घडीवर फाटलेलं कार्ड. त्यावर ‘पेंटा १, २, ३’. इथल्या फॉर्ममध्ये पेंटाचा रकानाच सापडेना.

तुमच्या मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू). पोलिओ वेगळा. मग त्या ‘एमआर’पाशी थांबल्या. गोवर झाला, रुबेला झाला, गालगुंड राहिलं! आपल्या सरकारी कार्यक्रमात एमआर देतात, इथे एमएमआर लागते. मेनिंगोकोकल आणि कांजिण्यांची लसही राहिली होती. पाच मिनिटांत सगळा उलगडा.

तो तक्ता तुमच्यापैकी तिघींनी जेवणाच्या सुट्टीत, येणाऱ्या कुटुंबांची कार्डं बघत बघत तयार केला. भारत, फिलिपिन्स, सीरिया, इरिट्रिया, सगळं हाताने लिहिलेलं. तिघींतल्या एक बाई २०१६ च्या हिवाळ्यात सीरियातून आल्या, मूळच्या फार्मासिस्ट. इथला परवाना मिळवायचा म्हणजे पुन्हा परीक्षा, पुन्हा खर्च. त्यांनी तो नाद सोडला. माझ्या मते मात्र त्या अजूनही फार्मासिस्टच आहेत, फक्त काउंटर बदललं.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मॅडमनी संगणक माझ्याकडे सरकवला. “तुम्ही भरा, अडलं तर मी आहे.” तेव्हा जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. धाकटीच्या वेळी मीच भरला, आणि शेजारच्या तमिळ बाईंनाही शेजारी बसवून भरायला लावला.

आश्रयासाठी अर्ज केलेल्यांचा निकाल लागेपर्यंत बहुतेक सेवा केंद्र सरकारच्या पैशातून देता येत नाहीत, म्हणून त्यांच्या फाइली तुम्ही प्रांताच्या निधीतून चालवता. हिशेब वेगळा, पण दारात आलेल्याला तो फरक जाणवत नाही. २०२५ साठी कॅनडाने नव्या पीआरचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं, आणि सेटलमेंटच्या निधीलाही कात्री लागली. आधीच येऊन पडलेली कुटुंबं कुठे जाणार, याचा विचार कात्री लावणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. तुमच्याकडे दोन टेबलं रिकामी झाली, रांग मात्र तेवढीच आहे. तरी गेल्या एप्रिलमधलं टॅक्सचं मोफत शिबिर तुम्ही रद्द केलं नाही.

(नव्याने आलेल्यांनो, उत्पन्न शून्य असलं तरी नवराबायको दोघांनी रिटर्न भरा. नाहीतर मुलांचा भत्ता अडकतो.)

पुढच्या शिबिराला दुभाषी म्हणून मी शनिवारी येईन. मराठी, हिंदी आणि सोलापुरी कन्नड, एवढं चालेल ना? आणि तक्त्यातला भारताचा रकाना माझ्याकडे द्या. आपल्याकडच्या खासगी डॉक्टरांच्या कार्डांवर ‘हेक्झा’ लिहिलेलं असतं, म्हणजे पेंटात पोलिओही आला. ते अजून तुमच्या तक्त्यात नाही.

आपली,
दुसरीतल्या मुलाची आई, स्कारबरो