‘अल्कोहोल उडून जाते’ हे अर्धेच खरे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी मशरूम घातलेल्या रिसोटोची, म्हणजे वाइनमध्ये आणि भाज्यांच्या पाण्यात शिजवलेल्या इटालियन भाताची, कृती आली होती. कृती नेटकी होती आणि मापेही जमत होती. मात्र शेवटी, शिजताना वाइनमधले अल्कोहोल पूर्णपणे उडून जात असल्याने हा भात घरातल्या लहानथोर सर्वांना निःशंकपणे वाढावा, असे एक वाक्य होते. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

त्या वाक्याच्या भरवशावर मी एका शनिवारी तो भात केला. जेवायला माझे धाकटे दीर होते. त्यांनी सहा वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने दारू सोडली आणि तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. दोन घास त्यांनी आवडीने खाल्ले, तिसऱ्याला थांबून ‘वहिनी, हा आंबटपणा कशाचा आहे?’ असे विचारले. मी मोकळेपणाने सांगितले आणि वर ‘भाऊजी, आता त्यात काही राहिलेलं नाही’ असेही म्हटले. ते काही बोलले नाहीत. चमचा ताटलीच्या कडेला ठेवून ते स्वयंपाकघरात गेले आणि दुपारच्या उरलेल्या भातात स्वतःच दही कालवून घेऊन आले. मी नंतर वाचून पाहिले, तेव्हा कळले की मी त्यांना सांगितले होते ते खरे नव्हते.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, म्हणून पातेले उकळले की अल्कोहोल आधी निघून जाईल, असा आपला सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे वाफेत दोन्ही बरोबरच जातात आणि पाणी शिल्लक असेतो अल्कोहोलचा काही अंश त्यात राहतोच. अमेरिकेच्या कृषी खात्याचा यावर एक तक्ता आहे. त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीदेखील ५ टक्के अल्कोहोल उरते. वाहिन्यांवर दाखवतात तशी कढईत ज्वाळा पेटवली, तर ७५ टक्के तसेच राहते. म्हणजे तो प्रकार बहुतांशी डोळ्यांसाठीच. पसरट भांड्यात अधिक उडते, झाकण ठेवले की कमी, त्यामुळे हे आकडे ढोबळ मानावेत. तरी रिसोटो १७-१८ मिनिटांत होतो, तेव्हा ‘पूर्णपणे’ हा शब्द तिथे कोणत्याही हिशेबाने बसत नाही.

मला कांगावा करायचा नाही. चौघांच्या भाताला १२ टक्क्यांची १२० मिलिलिटर वाइन घातली, तर त्यात साधारण १४ मिलिलिटर अल्कोहोल असते. तक्त्याप्रमाणे ४० टक्के उरले, तर प्रत्येकाच्या ताटलीत दीड मिलिलिटरच्या आसपास येते. एवढ्याने कोणाला चढणार नाही. परंतु ज्याने दारू सोडली आहे, जो धर्माने किंवा व्रताने ती वर्ज्य मानतो, ज्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्याला हे ‘एवढेसे’ चालते की नाही, हे त्याने ठरवायचे आहे. यजमानाने नाही आणि पुरवणीनेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा महिनाभर सगळीकडे वाद चालला होता. तो सारा वाद पेल्यातल्या वाइनचा होता. पातेल्यातल्या वाइनचा विषय कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

याच कृतीवर शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण होती आणि साहित्यात पार्मिजानो रेज्जानो चीज होते. हे चीज त्याच्या ठरलेल्या नियमांनुसार वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजले जाते. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत ते कळल्यावर भांडे बाजूला काढून ठेवतील. पाकिटावर ‘मायक्रोबियल रेनेट’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट, असे छापलेले मुरवलेले चीज घेतले की काम भागते, परंतु तेवढी ओळ छापायला हवी होती.

आता तांदळाबद्दल. कृतीत आर्बोरिओच हवा, तो कॅम्पात मिळतो, असे म्हटले होते. आर्बोरिओ हे उत्तर इटलीतल्या पिएमोंते भागातले एक गाव आहे. त्याच्या नावाच्या जाड, आखूड तांदळात चिकटपणा देणारा स्टार्च भरपूर असतो आणि रिसोटोचा दाटपणा त्यातूनच येतो, मलईतून नाही. मग ज्या पुण्याच्या पश्चिमेला मावळ आणि मुळशी आहे, तिथल्या माणसाने आयात केलेल्या पाकिटाला कितीतरी पट पैसे का मोजावेत? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहरापासून तयार झालेला इंद्रायणी शिजल्यावर अंगचाच चिकट असतो. मी आता तोच वापरते. फक्त तो निदान वर्षभर जुना असावा. नवा तांदूळ ढवळता ढवळता आसट होतो. आंबेमोहरही करून पाहिला, पण त्याचा स्वतःचा वास वाइनला आणि केशराला वर येऊ देत नाही. बासमतीचा तर इथे काहीच उपयोग नाही.

आपल्या हाताला लागलेली एक सवय मात्र सोडावी लागते. तांदूळ तीन पाण्यांनी धुतला की हवा असलेला स्टार्च मोरीत जातो, म्हणून तो निवडून कोरड्या फडक्याने पुसावा. मग लोण्यात दाण्यांच्या कडा काचेसारख्या दिसेपर्यंत परतावा, वाइन घालून नाकाला बसणारा झणका जाईपर्यंत आटवावी आणि शेजारच्या शेगडीवर उकळत असलेले भाज्यांचे पाणी डावाडावाने घालत जावे. हे आधण गार असेल, तर प्रत्येक डावाला शिजणे थांबते आणि दाणा बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो. एरवी भातात कणी राहिली, तर सासूबाई नाक मुरडतात. इथे ती अगदी बारीक राहिली पाहिजे. शेवटी आच बंद करून गार लोणी आणि चीज घालून जोरात ढवळले, की भात मिळून येतो. त्याची मूद पडली, तर तो फसला असे समजावे. ताटलीत तो लाटेसारखा सरकला पाहिजे, आणि इटालियन लोकही त्याला लाटेचेच नाव देतात.

रिसोटोखेरीज वाइनचा सॉसही घरी करतात, त्याबद्दल थोडेच लिहिते. वाइन गोड नसावी, कारण आटली की गोडी वाढते. ती आम्ल असल्याने अॅल्युमिनियमच्या कढईत आटवू नये, स्टीलचे जाड बुडाचे भांडे घ्यावे. आणि ती नीट आटण्याआधी दूध घातले, तर फाटलेच म्हणून समजा.

वाइन टाळायची असेल, तर तिच्या जागी आंबटपणा लागतो, नुसते पाणी घालून भागत नाही. जानेवारीत नारायणगावकडची पहिली द्राक्षे मंडईत येतात, तेव्हा आंबट घड वेगळे मागून घ्यावेत, मिक्सरमधून फिरवून गाळावेत आणि वाइनच्या जागी तो रस तेवढाच घालावा. कच्च्या द्राक्षांचा असा रस इटलीतही जुन्या काळापासून स्वयंपाकात आहे, त्याला तिथे आग्रेस्तो म्हणतात, तेव्हा ही काही पुणेरी काटकसर नव्हे. इतर महिन्यांत भात उतरवल्यावर अर्धे लिंबू पिळावे. आमसुलाने भात जांभळट होतो. तो प्रयोग मी एकदाच केला. द्राक्षाच्या रसाचा भात मात्र भाऊजींनी गेल्या महिन्यात दोनदा मागून घेतला, अर्थात आधी स्वयंपाकघरात येऊन ओट्यावरच्या बाटल्या पाहून मगच.

आपल्या पुरवणीतल्या कृती वाचून पुण्यातल्या किती घरांत शनिवारचे जेवण ठरते, हे मी शेजारीपाजारी पाहते. म्हणून विनंती अशी, की वाइन घातलेल्या प्रत्येक कृतीखाली ‘शिजल्यावरही यात थोडे अल्कोहोल राहते, पाहुण्यांना आधी सांगावे’ एवढे छापावे. मागच्या कृतीची दुरुस्तीही द्यावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न देता त्याच जागी, कृती ज्या टायपात होती त्याच टायपात द्यावी.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे